मापाचे पाणी

माण हा सातारा जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. सह्याद्रीवर कोसळणारे ढग पूर्वेकडे येता येता रिकामे होतात आणि माणच्या वाट्याला बहुधा त्यांची सावलीच तेवढी येते. त्यामुळे पाणी जपून वापरावे, ही शिकवण तेथील मुलांना मुद्दाम द्यावी लागत नाही. हंड्याच्या तळाशी उरलेले पाणीही तेथे झाडाच्या आळ्यात जाते. या तालुक्यातील एका घरात मात्र पाण्याचे माप दुष्काळामुळे नव्हे, तर निराळ्याच कारणाने घेतले जाऊ लागले. त्या घरी माठ भरलेला असे. तरीही घरातील एका माणसाला त्यातील पाणी पोटभर पिण्याची मनाई होती.

तो मनुष्य म्हणजे घरातील कर्ता पुरुष. सारे त्यांना आबा म्हणत. बावीस वर्षे त्यांनी एस. टी. च्या गाडीवर वाहकाचे काम केले होते. उभ्याने प्रवास करणाऱ्या गर्दीतून वाट काढीत तिकिटे द्यावीत, म्हाताऱ्या बायांची गाठोडी उतरवून द्यावीत, आणि रात्री आगारात परतल्यावर दिवसभराचा हिशेब चोख भरावा, असा त्यांचा नेम असे. इतक्या वर्षांत त्यांच्या हिशेबात कधी एक रुपयाही कमी पडला नव्हता, याचा त्यांना मोठा अभिमान होता.

परंतु एक हिशेब त्यांनी कधीच ठेवला नव्हता, आणि तो म्हणजे स्वतःच्या शरीराचा. रक्तदाब वाढला असल्याचे डॉक्टरांनी त्यांना फार पूर्वी सांगितले होते. काही महिने त्यांनी गोळ्या घेतल्या. पुढे बरे वाटू लागले, तशा त्या सोडून दिल्या. उभ्याच्या कामाने कंबर दुखे, तेव्हा दुकानातून वेदनाशामक गोळी आणून स्वतःच्याच मनाने ती घेत. अशी वर्षे लोटली. एके पावसाळ्यात त्यांच्या पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली आणि दोन पायऱ्या चढताच धाप लागू लागली. तपासणी झाली, तेव्हा कळले की, त्यांची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत.

मूत्रपिंड हा मुठीएवढा, घेवड्याच्या बीसारख्या आकाराचा अवयव. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक असे ते असते. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील बहुतेक सारा पुन्हा रक्तात घेतात आणि शरीराला नको असलेले क्षार व टाकाऊ द्रव्ये दीड-दोन लीटर मूत्रावाटे बाहेर टाकतात. हे काम इतके निमूटपणे चालते की, त्याची आठवणही कोणाला होत नाही. निम्म्याहून अधिक गाळण्या बंद पडल्या, तरी उरलेल्या गाळण्या जास्त काम करून उणीव भरून काढतात आणि माणसाला वेदना म्हणून होत नाही. म्हणूनच हा रोग पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह हे या अवयवाचे दोन मोठे शत्रू आहेत.

“हा रोग आता मागे फिरणार नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “परंतु आबा, तुम्ही मात्र पुढे चालू शकाल. आठवड्यातून तीनदा यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागेल.”

आबांच्या डाव्या मनगटापाशी एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. हृदयाकडून येणारी रोहिणी आणि हृदयाकडे जाणारी नीला डॉक्टरांनी तेथे एकमेकींस जोडून दिल्या. काही आठवड्यांत ती नीला फुगून जाड झाली. यंत्राच्या सुया टोचण्याचे ते ठिकाण. त्या हाताने जड ओझे उचलावयाचे नाही, त्या हातावर रक्तदाब मोजावयाचा नाही. तेथे बोट ठेवले, तर कातडीखाली एक अखंड थरथर जाणवे. आगारात उभ्या असलेल्या चालू गाडीच्या पत्र्यावर हात ठेवल्यासारखे आबांना वाटे. दररोज सकाळी उठल्याबरोबर ती थरथर चालू आहे की नाही, हे पाहण्यास त्यांना सांगितले होते.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे त्यांचे वार ठरले. पहाटेच्या गाडीने ते साताऱ्याला जात. ज्या गाडीत ते इतकी वर्षे उभे राहिले, तिच्यातच आता खिडकीपाशी बसून प्रवास करावयाचा! रुग्णालयात चार तास यंत्राशी बांधल्यागत पडून राहावे लागे. एका नळीतून रक्त बाहेर जाई आणि केसासारख्या बारीक अशा हजारो पोकळ तंतूंच्या गाळणीतून फिरून दुसऱ्या नळीने परत येई. तंतूंच्या बाहेरून क्षारयुक्त पाणी वाहत असे. रक्तातील टाकाऊ द्रव्ये तंतूंच्या सूक्ष्म छिद्रांतून त्या पाण्यात उतरत. रक्तपेशी मात्र आतच राहत. परतीच्या प्रवासात आबांच्या अंगात त्राण उरत नसे. कधी पायांत गोळे येत, कधी डोळ्यांपुढे अंधारी येई. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजत.

शरीराचे दुःख एक वेळ सोसवते. परंतु मनाचे दुःख कोणास दाखवावे? बावीस वर्षे दुसऱ्यांना आधार दिलेल्या माणसाला गाडीतून उतरताना कोणी हात धरला, की मेल्याहून मेल्यासारखे होई. शेजारी विचारपूस करण्यास येत, तर आबा झोपेचे सोंग घेत. त्यांच्या पत्नीने आपले एक मूत्रपिंड देण्याची तयारी दाखविली. परंतु तपासणीत तिलाच मधुमेह असल्याचे आढळले आणि तो मार्ग बंद झाला. त्या दिवशी ती माउली देवापुढे बसून रडली. आबा मात्र काही बोलले नाहीत. पुढे लहानसहान गोष्टींवरून ते घरात चिडू लागले. भाजीत मीठ का नाही, केळे का दिले नाही, शहाळे का आणले नाही, असे ते विचारीत. खरे कारण त्यांना ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. केळ्यांत आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम नावाचा क्षार पुष्कळ असतो. निकामी मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही, आणि तो फार साठला, तर हृदयाचा ठोकाच चुकतो. म्हणूनच त्यांच्या घरी भाजीदेखील चिरून पाण्यात भिजवीत, उकळून ते पाणी टाकून देत आणि मग फोडणीस घालीत.

पण सर्वांत कठीण होती ती तहान. चोवीस तासांत सारे मिळून साडेसातशे मिलिलीटर द्रव घ्यावा, अशी आबांना ताकीद होती. चहा, आमटी, ताक हे सारे त्यातच धरावयाचे. त्यांची मुलगी सातवीत शिकत असे. तिने घरातली एक लहान वाटी शाळेत नेली आणि प्रयोगशाळेतील मोजपात्राने तिचे माप घेतले. वाटीत बरोबर पन्नास मिलिलीटर पाणी मावत होते. म्हणजे दिवसाच्या पंधरा वाट्या! तीन चहाच्या, दोन आमटीच्या आणि उरलेल्या दहा पाण्याच्या, असा तिने हिशेब बांधला आणि एका वहीत रोज तो ती मांडू लागली. आबा घोटभर पाणी प्याले, की “आबा, किती झाल्या?” असा तिचा प्रश्न येई. आबांना तो प्रश्न बोचे. आपल्या हातून एका रुपयाचीही चूक कधी झाली नाही आणि आता लेकीने आपला हिशेब तपासावा, असे त्यांच्या मनात येई.

चैत्र महिना आला. माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाची यात्रा चैत्रात भरते. दूरदूरच्या गावांहून भक्त पाण्याच्या कावडी खांद्यावर घेऊन येतात आणि मुंगी घाटाचा अवघड चढ चढून ते पाणी देवाला घालतात. यात्रेच्या दिवसांत एस. टी. च्या जादा गाड्या सुटतात. त्या वर्षीही स्थानक माणसांनी फुलून गेले. आबांच्याने घरात बसवेना. आपण यात्रेची कामगिरी आजवर कधी चुकविली नाही, असे म्हणून ते स्थानकावर गेले आणि दिवसभर लोकांना गाड्या दाखवीत उभे राहिले. तो शनिवार होता. “एक दिवस साताऱ्याला न गेल्याने काय बिघडते?” असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

दुपारी ऊन मी म्हणत होते. स्थानकाबाहेर तरुण मुलांनी पाणपोई घातली होती. त्यांतील एकाने गार पाण्याने भरलेला तांब्या आबांपुढे धरला. आबांनी क्षणभर त्याकडे पाहिले आणि तो एका दमात रिकामा केला. पुष्कळ दिवसांनी घशाखाली पाणी असे मोकळेपणी उतरले होते! त्यांनी दुसरा तांब्या मागितला; संध्याकाळपर्यंत आणखी किती मागितले, ते त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

मध्यरात्री ते घुसमटून उठून बसले. आडवे झाले, की पाण्यात बुडत असल्यासारखे वाटे. शरीराबाहेर न पडलेले पाणी त्यांच्या फुप्फुसांत साठले होते. शेजाऱ्याने आपली जीप काढली आणि रात्रीच्या अंधारातून त्यांना साताऱ्याला नेले. डॉक्टरांनी प्राणवायू लावला आणि ताबडतोब यंत्र सुरू केले. उजाडता उजाडता त्यांचा श्वास संथ झाला.

डोळे उघडले, तेव्हा मुलगी उशाशी बसलेली होती. घाईत निघताना तिने दुसरे काहीच घेतले नव्हते. फक्त ती वही तिच्या हातात होती. आबांनी ती मागितली. रोजच्या पानावर वाट्यांच्या रेघा ओळीने मांडलेल्या होत्या. शनिवारच्या पानावर मात्र एकही रेघ नव्हती. तेथे तिने लिहिले होते, “आज आबांना विचारायचे राहिले. माझी चूक.”

आबांनी ते वाक्य पुन्हा वाचले. चूक कोणाची आणि ती नावावर लिहून घेतली कोणी! त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आजारपण सुरू झाल्यापासून ते प्रथमच रडत होते. “बाळ, चूक तुझी नव्हे,” ते अडखळत म्हणाले, “हिशेब माझा होता. तो तुझ्यावर टाकून मी मोकळा झालो.”

त्या दिवसापासून वही आबांकडे आली. दररोज सकाळी ठरलेले पाणी ते एका बाटलीत भरून ठेवीत आणि तिच्यातूनच दिवसभर घेत. तोंड कोरडे पडले, की चूळ भरून टाकीत, कधी बर्फाचा लहानसा खडा चघळीत. त्या खड्याचेही माप वहीत लिहीत. मीठ कमी खाल्ले, की तहानही कमी लागते, हे त्यांना अनुभवाने पटले आणि अळणी भाजीवरचा त्यांचा राग मावळला. मुलीला ते आता रोज रात्री आपण होऊन हिशेब दाखवीत. क्वचित एखादी वाटी वाचली, तर दोघे ती मोठ्या आनंदाने साजरी करीत.

यंत्राकडेही ते आता निराळ्या दृष्टीने पाहू लागले. त्याचा शोध कोणी लावला, असे त्यांनी तेथील तंत्रज्ञाला विचारले, तेव्हा एक मोठी कहाणीच बाहेर आली. १९३८ मध्ये नेदरलँड्समधील विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरासमोर एका शेतकऱ्याचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावला. ते दुःख कोल्फ विसरू शकले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांचा देश शत्रूच्या ताब्यात असताना, काम्पेन या लहान गावी, १९४३ मध्ये त्यांनी लाकडी पिंप आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी वापरण्यात येणारी सेलोफेनची नळी यांपासून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. पहिले जवळजवळ सारे रोगी दगावले. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री त्या यंत्राच्या उपचाराने शुद्धीवर आली आणि जगली.

परंतु त्या काळी दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे; त्यामुळे जन्मभराच्या रोग्याला हा उपाय चालत नसे. अमेरिकेतील सिअॅटल शहरी बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांत कायमची ठेवता येईल, अशी टेफ्लॉनची वाकडी नळी बनवून घेतली. ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स नावाच्या ३९ वर्षांच्या यंत्रकारागिरावर तिच्या साहाय्याने उपचार सुरू झाले. त्यापूर्वी अशा रोग्याला मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती. शील्ड्स मात्र आणखी ११ वर्षे जगले. १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी रोहिणी व नीला जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आबांच्या मनगटातील थरथर ही त्या युक्तीचीच देणगी होती.

“आपल्याकडील जयप्रकाश नारायण यांचीही मूत्रपिंडे १९७५ मध्ये निकामी झाली होती,” शेजारच्या खाटेवरील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले. “मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पुढे १९७९ पर्यंत ते यंत्राच्या आधाराने जगले आणि त्याच स्थितीत १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी सभा घेतल्या.”

आबा किती तरी वेळ विचार करीत राहिले. आपल्या हातातील नळीमागे इतक्या माणसांची चिकाटी उभी आहे, हे त्यांस तोवर ठाऊक नव्हते. शिवाय असे उपचार गरिबाला परवडावेत कसे, हाही प्रश्न होताच. २०१६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरीब रोग्यांना ही सेवा विनामूल्य मिळण्याची सोय झाली. यंत्राशी बांधलेले ते चार तास आता आबांना शिक्षेसारखे वाटेनासे झाले.

एके दिवशी शेजारच्या खाटेवर एक तरुण प्रथमच आला. सुई पाहताच तो थरथरू लागला आणि तोंड फिरवून रडू लागला. आबांनी त्याला धीराच्या मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या नाहीत. आपला डावा हात पुढे करून ते इतकेच म्हणाले, “येथे बोट ठेवून पाहा. चालू आहे ना? दोन वर्षे चालू आहे.” तरुणाने बोट ठेवले. हळूहळू त्याचे रडे थांबले.

आबांना आगाराने बसून करण्याचे काम दिले. उपचाराचे दिवस सोडून ते स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाड्यांची सूचना देऊ लागले. त्यांचा आवाज पूर्वीइतका खणखणीत राहिला नव्हता. पण गावोगावच्या लोकांना तो ओळखीचा होता. मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्या एखाद्या उदार माणसाचे मूत्रपिंड मिळावे, म्हणून त्यांचे नाव प्रतीक्षायादीत नोंदविले गेले. १९९४ च्या कायद्याने अशा दानाला आपल्या देशात मान्यता मिळालेली आहे. तो दिवस कधी येईल, येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. आबांनी ती वाट पाहण्यासही एखाद्या उशिरा येणाऱ्या गाडीसारखे स्वीकारले होते. गाडी येईपर्यंत स्थानकावरील कामे थोडीच थांबतात!

पुढच्या चैत्रात पुन्हा यात्रा भरली. या खेपेस आबा आदल्या दिवशी साताऱ्याला जाऊन आले होते. स्थानकाबाहेरच्या पाणपोईवर त्यांनी स्वतः दुपारभर पाणी वाटले. उन्हाने तापलेले यात्रेकरू येत, ओंजळ पुढे करीत. आबा उजव्या हाताने तांब्या तिरका करीत आणि त्यांची तृप्त मुद्रा पाहत. त्यांचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता. परंतु त्या दिवशी त्यांना त्याचे फारसे दुःख वाटले नाही.

दुपार कलली, तशी मुलगी बाटली आणि ती लहान वाटी घेऊन आली. आबांनी वाटीभर पाणी घोटाघोटाने, अगदी सावकाश घेतले. मग खिशातून वही काढून त्यांनी तिच्यात एक रेघ ओढली.

“किती झाल्या, आबा?” मुलीने हसत विचारले.

“नऊ,” आबा म्हणाले, “अजून सहा शिल्लक आहेत.”

आणि समोर आलेल्या यात्रेकरूची ओंजळ भरण्यासाठी त्यांनी पुन्हा तांब्या उचलला.